पाणी काढा, पाणी राखा: जगाची तोंडीलावणी आपल्या ओट्यावर

पहिल्यांदा मी त्झात्झिकी, म्हणजे ग्रीसची दही-काकडीची कोशिंबीर, केली तेव्हा ती वाटीत राहिली नाही. दही ताजं होतं, काकडी कोवळी होती, लसूण बेताचा होता. कृतीतली एकच ओळ मी गाळली होती: काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळा. म्हटलं, एवढं कशाला! पाऊण तासात पांढरं पाणी पोळीखाली शिरलं. आईनं चव घेतली आणि म्हणाली, "मठ्ठा छान झालाय."

परदेशी तोंडीलावणी करायला घेतली की नवशिक्याचा जीव न मिळणाऱ्या जिनसांत अडकतो. ऑलिव्ह तेल कुठलं आणू, ताहिनी (तिळाचा लगदा) कुठे मिळेल, कोरियन तिखटाला काय पर्याय? पदार्थ फसतो तो मात्र पाण्यापाशी. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, कोबीत ९२ च्या आसपास. हे पाणी काढून टाकायचं, काढून राखायचं, की सुटूच द्यायचं नाही, हे आधी कळलं तर उरलेली कृती पोरखेळ आहे. म्हणून खालचे पदार्थ देशांच्या क्रमानं लावलेले नाहीत. सोप्याकडून अवघडाकडे, पाण्याच्या हिशेबानं लावले आहेत. एकेक करत या.

आधी जवळ काय हवं

महागडं काही नको. श्रीखंडासाठी चक्का बांधता ते मलमलचं फडकं, एक खलबत्ता, मिक्सर आणि रुंद तोंडाची दोन लिटरची काचेची बरणी. खर्च करायचाच तर ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर करा. आंबवण्याच्या पदार्थांत 'चवीनुसार मीठ' चालत नाही. शिवाय चमचाभर बारीक मीठ आणि चमचाभर जाडं मीठ यांचं वजन सारखं भरत नाही, बारीक मीठ जास्त भरतं. तेव्हा मीठ काट्यावरच तोला.

कोरियाचा पालक: पंधरा मिनिटांचं काम

कोरियन जेवणात भात, सूप आणि किमची (मसाला लावून आंबवलेला कोबी) यांच्याभोवती छोट्या छोट्या वाट्या मांडतात. त्यांना बानचान म्हणतात. जुन्या रीतीनुसार पानाची प्रतिष्ठा या वाट्यांवरून मोजली जाई: ३, ५, ७, ९ आणि राजाच्या पानात १२. भात, सूप आणि किमची या मोजणीत धरत नसत. आपल्या पानाची डावी बाजू ज्यांना माहीत आहे त्यांना यात परकं काही वाटू नये. फरक इतकाच, की आपल्याकडे डावीकडचं कमी वाढतात आणि तिथे जेवणाची गंमतच त्या वाट्यांत असते.

त्यातली सर्वांत सोपी वाटी म्हणजे सिगुमची नामुल. पालकाची एक जुडी (साधारण २५० ग्रॅम) निवडून स्वच्छ धुवा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या, चिमूटभर मीठ टाका, पालक त्यात बुडवा आणि तीस-चाळीस सेकंदांत बाहेर काढून थेट गार पाण्यात घाला. मग दोन्ही हातांनी पिळा. पिळा म्हणजे मनापासून पिळा. जुडीचा लिंबाएवढा गोळा झाला की बस्स. तो सुरीनं तीन-चार ठिकाणी कापून मोकळा करा. ठेचलेली लसणाची एक पाकळी, चमचाभर सोया सॉस, दोन चमचे तिळाचं तेल आणि भाजलेले तीळ घालून हातानंच कालवा.

तेलाबद्दल एक सांगायला हवं. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं. वास वेगळा येतो. भाजक्या तेलाची बाटली नसेल तर घाण्याचं तेल घ्या आणि तीळ खमंग भाजून, अर्धवट कुटून जरा सढळ हातानं घाला. बरंचसं जमतं.

त्झात्झिकी: चक्का, काकडी आणि शेपू

ग्रीसमध्ये ही वाटी तळलेल्या माशांबरोबर, भाजलेल्या मांसाबरोबर किंवा नुसत्या पावाबरोबर येते. तुर्कस्तानात तिची बहीण जाजिक, जास्त पातळ आणि वाळलेल्या पुदिन्याची. बल्गेरियात तर काकडी-दह्यात अक्रोड आणि भरपूर पाणी घालून उन्हाळ्यात गार सूप करतात, त्याला ताराटोर म्हणतात. म्हणजे माझा मठ्ठा बल्गेरियात खपला असता.

अर्धा किलो गोड, घट्ट दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगा. खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवलंत तर आंबणार नाही. श्रीखंडाइतका कोरडा चक्का नको, चमच्यावरून हळूच घसरेल इतपत मऊ हवा. परदेशात राहणाऱ्यांना ही खटपट नाही, दुकानातलं ग्रीक दही म्हणजे निथळलेलं दहीच.

एक मोठी काकडी सालासकट जाड किसा, अर्धा चमचा मीठ चोळा, वीस मिनिटं थांबा, मग फडक्यात घालून पिळा. हातात मूठभर चोथा उरला तर काम नीट झालं. निघालेलं पाणी फेकू नका, थालीपिठाच्या पिठात घाला आणि तिथलं मीठ कमी करा. लसणाच्या दोन पाकळ्या मिठाच्या दोन खड्यांबरोबर लोण्यासारख्या वाटा. चक्का, काकडी, लसूण, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू एकत्र करून तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या.

हो, शेपूच. लहानपणी ज्या भाजीचा वास आला की आपण शेजाऱ्यांकडे जेवायला जायचो, तीच ग्रीक लोक हौसेनं दह्यात घालतात. अन् दह्यात तो खरंच निराळा लागतो. फोडणी नको, दाण्याचं कूट नको. साखरेचा डबा तर हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. सवयीनं चिमूट पडतेच. दोन-तीन दिवसांत संपवा.

मेक्सिकोची ओली चटणी, एका परिच्छेदात

पिको दे गायो म्हणजे टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. बारीक चिरायचं, कालवायचं. आपल्या कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीची सख्खी बहीण वाटते, पण उलटं नातं सांगायला हवं: टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांतून आपल्याकडे आल्या, आणि कोशिंबिरीत घालतो ते दाणेही तिकडचेच. इथे पाणी सुटूच द्यायचं नाही. टोमॅटो कडक घ्या, आतला बियांचा गर काढून टाका, आणि मीठ-लिंबू पानावर बसायच्या आधी दहा मिनिटं घाला. रात्री करून सकाळी डब्यात देण्याचा हा पदार्थ नाही.

हुम्मुस: इथे पाणी घालायचं असतं

अरबीत हुम्मुस म्हणजे नुसते काबुली चणे. पदार्थाचं पूर्ण नाव हुम्मुस बि तहिना, म्हणजे तिळाच्या लगद्यातले चणे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इस्राएल, जॉर्डन सगळे त्यावर हक्क सांगतात. २०१० साली लेबनॉनच्या आचाऱ्यांनी विक्रमासाठी १०,४५२ किलोचं हुम्मुस केलं, आणि हा आकडा मुद्दाम निवडला होता: देशाचं क्षेत्रफळच १०,४५२ चौरस किलोमीटर मानतात. वाटीभर तोंडीलावण्यावरून इतकं राजकारण क्वचितच झालं असेल.

आपल्याकडे घरी केलेलं हुम्मुस बहुधा छोल्यांच्या वाटणासारखं रवाळ होतं. कारणं दोन. एक, चणे पुरेसे शिजलेले नसतात. २०० ग्रॅम चणे रात्रभर भिजवा, कुकरमध्ये अर्धा चमचा खायचा सोडा घालून शिजवा. सोड्यानं साल मऊ पडतं. छोल्यांना चालतो तसा अख्खा दाणा नको. दोन बोटांत धरताच पीठ झालं पाहिजे. माझ्या कुकरला मध्यम आचेवर सहा शिट्ट्या लागतात, तुमचा कुकर तुम्हाला माहीत.

दुसरं कारण ताहिनी. ती घरी सहज होते. १०० ग्रॅम पांढरे, सालं काढलेले तीळ मंद आचेवर जेमतेम गरम करा. संक्रांतीच्या लाडवांइतके भाजलेत तर कडू होतील. गार झाल्यावर मिक्सरमध्ये आधी कोरडे, मग दोन-तीन मोठे चमचे वास नसलेलं तेल घालून फिरवत राहा. आधी भुगा, मग गोळा, मग मधासारखी धार. मिक्सरला मधे मधे विश्रांती द्या.

आता नवशिक्यांना घाबरवणारी पायरी. ताहिनीत एका मोठ्या लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी आणि मीठ घालून फिरवलं की ती पातळ व्हायच्या ऐवजी फाटल्यासारखी घट्ट होते. काही बिघडलेलं नाही. बर्फाचं गार पाणी एकेक चमचा घालत जा. चार-सहा चमच्यांनंतर तोच गोळा पांढराशुभ्र, हलका होतो. मग चणे घाला आणि तीन-चार मिनिटं न कंटाळता फिरवा. पसरट थाळीत काढून चमच्याच्या पाठीनं खळगा करा, त्यात ऑलिव्ह तेल, वर जिऱ्याची पूड. फ्रिजमध्ये चार दिवस राहतं.

झाउअरक्राउट: कोबी, मीठ आणि थंडीचे दिवस

जर्मन भाषेत झाउअर म्हणजे आंबट आणि क्राउट म्हणजे भाजी, बोलीत कोबीच. यात व्हिनेगर नसतं, तेल नसतं, फोडणी नसते. किलोभर कोबीला २० ग्रॅम मीठ, संपली सामग्री. जर्मन घरांत वरून कॅरवेचं बी घालतात. ते आपल्या शहाजिऱ्याच्या कुळातलं, तेव्हा अर्धा चमचा शहाजिरे चालतील.

मीठ कोबीतलं पाणी ओढून बाहेर आणतं आणि कोबी स्वतःच्याच पाण्यात बुडतो. दोन टक्के मिठात सडवणारे जिवाणू माघार घेतात, पण लॅक्टिक आम्ल तयार करणारे तग धरतात. सुरुवात करतो तो ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू, जो इडलीचं पीठही फुगवतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून बुरशीला वाव नाही. सगळी कृती या दोन गोष्टींसाठी आहे: मीठ बरोबर, आणि कोबी पाण्याखाली.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकनं १७६८ मध्ये 'एन्डेव्हर' जहाजावर याची पिंपं भरून नेली होती. लांबच्या सफरीत ताज्या भाजीफळांवाचून खलाशांना स्कर्व्ही (हिरड्या सुजवणारा रोग) होई, तो टाळायला ही तजवीज. खलाशी मात्र हे आंबट प्रकरण तोंडाला लावीनात. कुकनं सक्ती केली नाही. रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते वाढायला लावलं आणि खलाशांना सांगितलं, हवं तर घ्या. त्याच्या रोजनिशीत नोंद आहे की आठवडाभरात सगळ्यांना मोजून वाटायची वेळ आली. घरात कोणी नाक मुरडलं तर हा उपाय करून पाहा.

दिवस निवडून करा. याला १८ ते २२ अंश तापमान मानवतं, म्हणजे दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा काळ. तेव्हा कोबीही घट्ट, रसाळ मिळतो. मे महिन्यात केलंत तर कोबी आंबण्याआधी मऊ पडेल.

१. कोबीची वरची दोन पानं धुऊन बाजूला ठेवा. बाकीचा गड्डा दांडा काढून बारीक, लांब चिरा आणि चिरल्यावर वजन करा. ते १,१५० ग्रॅम भरलं तर मीठ २३ ग्रॅम.

२. परातीत मीठ लावून दहा मिनिटं थांबा, मग कणीक मळता तसं दाबून मळा. पाचेक मिनिटांत परात तिरकी केली की पाणी धावायला हवं. कोशिंबिरीच्या सवयीनं ते ओतून टाकू नका. हेच पाणी सगळं काम करणार आहे.

३. बरणीत थोडं थोडं भरत मुठीनं किंवा लाटण्याच्या टोकानं ठासा. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. माझी पहिली बरणी मी गळ्यापर्यंत भरून झाकण आवळलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून ओघळ थेट पिठाच्या डब्यापर्यंत गेला होता.

४. बाजूला ठेवलेलं पान वर झाका आणि त्यावर वजन ठेवा. छोटी काचेची वाटी बसली तर उत्तम. नाहीतर जाड प्लास्टिक पिशवीत मिठाचं पाणी भरून ठेवा, साधं पाणी नको, पिशवी फुटली तर बरणीतलं मीठ पातळ होईल. कोबीवर पाणी कमी पडलं तर लिटरला २० ग्रॅम मीठ या मापानं पाणी करून घाला.

५. झाकण सैल ठेवा, बरणीखाली ताटली ठेवा, उन्हापासून दूर कोपऱ्यात ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं, जरा उग्र वासही येतो. हे सगळं ठीक. रोज एकदा वजन दाबून कोबी बुडालेला आहे ना ते पाहा. वर पांढरी, सपाट साय आली तर ती एक प्रकारची यीस्ट असते, चमच्यानं काढून टाका. पण केसाळ किंवा हिरवं, काळं, गुलाबी काही दिसलं तर हळहळत बसू नका. वरचं काढून खालचं खायचं नाही, बरणी रिकामी करा.

विशीच्या तापमानात तीन-चार आठवडे लागतात, २७-२८ अंशांत आठ-दहा दिवसांतच आंबट होतं. आठवड्यापासून चाखत राहा, हवं तितकं आंबट झालं की फ्रिजमध्ये. जर्मनीत ते बहुधा शिजवून सॉसेजबरोबर खातात. मला कच्चंच आवडतं, मुगाच्या खिचडीशेजारी. रक्तदाबाचा त्रास असेल तर हात आखडता ठेवा, मीठ भरपूर आहे.

किमची: आधी पाणी काढा, मग मीठही धुवा

झाउअरक्राउट जमलं की मगच किमचीकडे वळा. तत्त्व तेच, पण इथे हात जास्त चालतो. कोरियात नोव्हेंबरच्या अखेरीस घरोघरी, शेजारपाजार जमवून हिवाळ्याची किमची घालतात. त्या सोहळ्याला किमजांग म्हणतात, आणि २०१३ मध्ये युनेस्कोनं दक्षिण कोरियाच्या या परंपरेची वारसा यादीत नोंद केली. आपल्याकडे वाळवणाच्या दिवसांत वाड्यात जे चाले, त्याची थंडीतली आवृत्ती समजा. किमची भरलेले मातीचे रांजण पूर्वी अंगणात पुरून ठेवत. आता खास किमचीचे फ्रिज मिळतात. लाल रंग मात्र जुना नाही. मिरची तिकडे सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पोचली. बिनमिरचीची पांढरी किमची अजूनही करतात.

किलोभर लांबट चायनीज कोबी घ्या. तो न मिळाल्यास साधा कोबीही चालतो, पण पोत राठ येतो. दोन बोटं रुंद तुकडे करा, थोडं पाणी शिंपडा आणि ७० ग्रॅम जाडं मीठ चोळा. दोन तास ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासानं खाली-वर करा. पांढरा जाड भाग वाकवला की न मोडता वळायला हवा. मग तीन पाण्यांनी धुवा आणि चाळणीवर अर्धा तास निथळत ठेवा. एक तुकडा खाऊन पाहा: कोशिंबिरीपेक्षा किंचित खारट, इतकंच. जास्त खारट लागला तर आणखी एकदा धुवा. झाउअरक्राउटमध्ये जे पाणी जिवापाड जपलं, ते इथे मोरीत जातं. कारण ओलावा मसाल्यातून द्यायचा आहे.

त्यासाठी चमचाभर तांदळाचं पीठ अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घट्ट पेजेसारखं शिजवा आणि पूर्ण गार करा. ही पेज मसाला पानाला चिकटवते आणि जिवाणूंना खाऊ पुरवते. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, बोटाचं पेर एवढं आलं, अर्धा कांदा आणि पाव सफरचंद वाटून पेजेत घाला. मग तिखट.

कोरियन गोचुगारू जाडसर, बिया काढलेलं, रंगानं लालभडक आणि तिखटाला मध्यम असतं. ऑनलाइन मिळतं. आपल्या डब्यातलं बारीक तिखट घालू नका, चिखल होतो आणि जीभही भाजते. त्यापेक्षा ब्याडगी मिरच्या उन्हात कडक करून, बिया झटकून, मिक्सरवर थांबत थांबत भरड काढा. पाच मोठे चमचे पुरे. दोन मोठे चमचे फिश सॉस घाला. शाकाहारी असाल तर तेवढाच सोया सॉस. कोरियात खारवलेली बारीक कोळंबीही घालतात. आपला सुका जवळा म्हणजे ती नव्हे, तो वाळवलेला असतो. त्याची भर घालून मी एकदा बरणीभर मासळीबाजार तयार केला आहे.

१५० ग्रॅम मुळा काडेपेटीतल्या काड्यांसारखा चिरा, चार-पाच पातीचे कांदे बोटभर कापा. सगळं कोबीबरोबर परातीत घालून मसाला चोळा. हातमोजे घाला, न घातल्यास संध्याकाळी डोळ्याला हात लावू नका. बरणीत दाबून भरा, वर जागा सोडा, खाली ताटली. थंडीत दीड-दोन दिवस, उन्हाळ्यात अर्धा दिवस बाहेर, मग फ्रिज. दिवसातून एकदा स्वच्छ चमच्यानं दाबून आतली हवा काढा. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात घरात वाद होतो.

पहिल्या दिवशी ती तिखट कोशिंबिरीसारखी लागते, आठवड्यानं किमचीसारखी. महिन्यानं इतकी आंबते की नुसती खाववत नाही. कोरियन घरांत याच वेळेची वाट पाहतात. अशी जुनी किमची रसासकट तेलावर परतायची, पाणी आणि टोफू घालून वीस मिनिटं उकळायची, आणि गरम भाताबरोबर वाढायची. बरणी विसळलेलं वाटीभर पाणीही त्यातच ओता.